‘इमर्जिंग लीडर’ला वृद्धाश्रमात काय म्हणायचं?

प्रश्न (अंबाजोगाई)

नमस्कार. मी एका वृद्धाश्रमाचं रोजचं कामकाज बघते. सरकारी कागदात राहणाऱ्यांना ‘प्रवेशित’ म्हणतात आणि सांभाळणाऱ्यांना ‘काळजीवाहक’. आमच्या बोलण्यात मात्र ते आजी-आजोबा आणि ह्या मावश्या, हे मामा. नवी पोरगी कामाला लागली तरी आठ दिवसांत तिची मावशी होते, मग तिचं वय बावीस का असेना.

या मावश्या-मामांमधून उद्या पाळी सांभाळणारी, पुढं कदाचित अख्खा आश्रम सांभाळणारी माणसं तयार करायची आहेत. सहा महिने शिकवायचं, सोबत राहायचं, हळूहळू सोपवत जायचं असा बेत आहे. त्याची नोटीस लावायची आहे आणि तिथंच अडलंय. इंग्रजीत याला ‘इमर्जिंग लीडर’ म्हणतात. त्याचं मराठी ‘उदयोन्मुख नेतृत्व’ असं आमच्याकडं आलं. मी ते वाचून दाखवलं तर एक मावशी म्हणाली, “ताई, निवडणूक लागली का?” तिचं चुकलं नाही. हे दोन शब्द तिनं आजवर फक्त चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर वाचलेत.

शब्दासाठी एवढं का अडून बसले, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सगळ्यात हुशार मावशीला आम्ही ‘सुपरवायझर’ केलं. पाठ टेकून पडलेल्या आजीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे ती घड्याळ न बघता करायची. तिच्या खोलीतल्या कुणाला पाठीला जखम झालेली मला आठवत नाही. आम्ही तिला वही दिली, पदराला लावायला बिल्ला दिला. शिकवलं काहीच नाही. एका रात्री दोनच्या सुमारास एक आजोबा न्हाणीत घसरले. तिनं मला फोन केला, रेंज नव्हती. लेखनिकाला केला, त्यानं उचलला नाही. रिक्षा बोलवायला तिच्या हातात दोनशे रुपये नव्हते. १०८ ला फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही, हेसुद्धा आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. पहाटे साडेपाचला आजोबा दवाखान्यात पोचले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पुढच्या महिन्यात तिनं बिल्ला माझ्या टेबलावर आणून ठेवला. “मला पहिल्यावाणीच राहू द्या. पोरी माझ्यासंगं जेवंनात, आन् तुम्ही मला कायी करू देईनात.” चूक आमची होती. नाव दिलं, बाकी काही दिलं नाही.

म्हणून या वेळी आधी नाव नीट ठरवायचंय. सुचवा.

प्रतिसाद (परभणी)

ताई, मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून आधी मुळाकडं जातो. ‘नेता’ संस्कृतातल्या ‘नी’ धातूपासून आला. त्याच धातूचं आपलं रोजचं क्रियापद म्हणजे ‘नेणे’. तुमच्या मावश्या दिवसभर काय करतात? आजोबांना न्हाणीत नेतात, आजीला उन्हात नेतात, कुणाला दवाखान्यात नेतात. जो नेतो तो नेता, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्या हिशेबानं तुमच्याकडची प्रत्येक मावशी नेता आहे. शब्दात खोट नव्हती. आपण तो सभेच्या व्यासपीठावर नेऊन ठेवला आणि तो तिथलाच झाला.

‘पुढारी’चं तेच. पुढं चालणारा तो पुढारी. पण आमच्याकडं “लई पुढारी झालाय” म्हटलं की ऐकणारा चिडतो. हे दोन्ही शब्द नोटिशीत घालू नका. अर्थ चांगला असला तरी कानाला जे ऐकू येतं त्यावर माणूस अर्ज करायचा की नाही ते ठरवतो.

‘होतकरू’ हा विचार करण्याजोगा आहे. होऊ पाहणारा, होण्याच्या वाटेवरचा. पण आपण तो शाळकरी पोरांपुरता ठेवलाय, “गरीब व होतकरू विद्यार्थी” असा. पन्नाशीच्या मावशीला होतकरू म्हणणं अवघड जाईल.

प्रतिसाद (लातूर)

‘लीडर’ला पर्याय शोधताना ‘कोचिंग’चाही विचार करून ठेवा. या कामात कोचिंग म्हणजे सोबत बसून, विचारत विचारत माणसाला स्वतःच्या उत्तरापर्यंत आणणं. आमच्या गावात मात्र कोचिंग म्हणजे ‘नीट’ परीक्षेचे क्लासेस, त्याशिवाय दुसरं काही नाही. नोटिशीत “सहा महिने कोचिंग मिळेल” असं लिहिलं तर लोक फी विचारतील. ‘शिकवणी’नंही तेच होईल. मी ‘सोबत’ म्हणेन. “सहा महिने सोबत मिळेल.”

प्रतिसाद (हिंगोली)

कुणीतरी ‘धुरा’ सुचवणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. “आश्रमाची धुरा सांभाळणे” छापील मराठीत शोभून दिसतं. आमच्याकडं धुरा म्हणजे शेताचा बांध. धुऱ्यावर बाभूळ असते, धुऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. छापील ‘धुरा’ वेगळी. ती ‘धुर्’पासून, म्हणजे जू, गाडीचा पुढचा भार. ‘धुरंधर’ म्हणजे मुळात जू वाहणारा.

पण जुवाचं निघालंच आहे तर शेतातली गोष्ट सांगतो. माझे वडील नवा गोऱ्हा कधी एकदम नांगराला जुंपायचे नाहीत. आधी काही दिवस नुसतं जू खांद्यावर. मग रिकामी गाडी, आणि शेजारी कळता बैल. वळायचं कुठं, थांबायचं कधी, हे गोऱ्ह्याला वडील शिकवत नव्हते, शेजारचा बैल शिकवायचा. वडिलांचं काम एवढंच की जोडी बरोबर लावायची आणि भार हळूहळू वाढवायचा. खांदा सोलवटला तर दोन दिवस सुट्टी. तुम्ही त्या मावशीला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला एकटीला जुंपलं. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही स्वतःच ते लिहिलंय म्हणून बोललो.

शब्द माझ्याकडं नाही.

प्रतिसाद (धारूर)

‘मुकादम’ कुणी सुचवला नाही, बरं झालं. अरबीतून आलेला शब्द, अर्थ पुढचा, अग्रणी. म्हणजे शब्दशः तुमचा लीडरच. पण आमच्या तालुक्यातली निम्मी घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात. तिथं मुकादम म्हणजे उचल देणारा आणि उचल फिटेपर्यंत न सोडणारा. म्हातारी माणसं मागं गावात राहतात, त्यातलीच काही पुढं तुमच्यासारख्या ठिकाणी येतात. तुमच्या मावश्यांतल्या कितीजणी ऊसतोडीवर जाऊन आल्या असतील, विचारून बघा. त्यांच्यासमोर हा शब्द नको.

प्रतिसाद (धाराशिव)

आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना माहीत आहे. थापटणं घेऊन सगळ्या संतांच्या डोक्यावर मारून बघितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. ‘कच्चं मडकं’ आपण आजही म्हणतो. नोटिशीत घालायचा हा शब्द नव्हे, पण कथा पुढं कुठं जाते ते बघा. नामदेव चिडले, दुखावले आणि मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. तिथं त्यांना गुरू मिळाला. कच्चा म्हटल्यावर वाट संपली नाही, गुरूकडं जाणारी वाट सुरू झाली. आपल्याकडच्या संस्था पहिला अर्धा भाग मनापासून करतात. परीक्षा घेतात, मुलाखत घेतात, कच्चा-पक्का असं लिहून ठेवतात. विसोबा कोण होणार, हे कुणी ठरवत नाही. ताई, नोटीस लावायच्या आधी प्रत्येक नावासमोर एक विसोबा लिहा.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

मी नर्स आहे. आमच्याकडं पाळी बदलताना ‘ओव्हर’ देतात आणि घेतात. कोणत्या खाटेवर कोण, काय खाल्लं, लघवी किती झाली, रात्री कोण भांबावलं होतं, कोणाचा मुलगा येतो म्हणून आला नाही. उत्तम ओव्हर देणारी सिस्टर मी आधी हेरून ठेवते, कारण सगळे पेशंट तिच्या डोक्यात एकत्र असतात. तुम्हाला माणसं निवडायची असतील तर मुलाखती घेण्याऐवजी आठवडाभर ओव्हरच्या वेळी तिथं उभ्या राहा. कोण फक्त आपल्या खोलीचं बोलते आणि कोण शेजारच्या खोलीचंही सांगते, ते लगेच कळेल.

आणखी एक, शब्दाचंच आहे. ‘हाताखाली’चे दोन अर्थ आहेत. “मी अमक्या सिस्टरच्या हाताखाली शिकले” हे आम्ही अभिमानानं सांगतो. “ती माझ्या हाताखाली आहे” म्हटलं की समोरचीचं तोंड उतरतं. शब्द एकच, पण तो शिकणाऱ्यानं वापरायचा असतो, शिकवणाऱ्यानं नाही. “पोरी माझ्यासंगं जेवंनात” असं तुमची मावशी म्हणाली त्याचं मूळ इथंच असावं. कालच्या मैत्रिणी एका बिल्ल्यानं तिच्या हाताखाली गेल्या. कालपर्यंत जिच्याबरोबर डबा खाल्ला तिला “ताट नीट धुतलं नाहीस” असं कसं सांगायचं, हे शिकवावं लागतं. आपोआप येत नाही. मला यायला तीन वर्षं लागली.

प्रतिसाद (गंगाखेड)

ओव्हर म्हणजे आमच्या सप्ताहातला पहारा की! अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ठरल्या वेळी पुढचा येतो, वीणेला आणि विणेकऱ्याला नमस्कार करतो, ती घेतो, भजन तुटत नाही. त्या वेळेला पहारा म्हणतात आणि फळ्यावर प्रत्येक पहाऱ्यापुढं नाव लिहिलेलं असतं. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो. आमच्या गावात नव्या पोराला तो एकट्याला देत नाहीत. जुना विणेकरी शेजारी टाळ घेऊन उभा राहतो. पोराला पेंग आली, अभंग विसरला, तर तो उचलून धरतो. वीणा मात्र काढून घेत नाही. ती पोराच्याच गळ्यात राहते.

तुमच्या मावश्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचा पहारा. तिथं लहानमोठं नसतं.

प्रतिसाद (नांदेड)

पहाऱ्याला माझा दुजोरा. शिकण्याच्या सहा महिन्यांसाठी ‘उमेदवारी’ घ्या. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते, खरं आहे, पण दुसरा अर्थ मेलेला नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं मराठी नाव ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असंच आहे. आयटीआय झालेली पोरं एसटीच्या डेपोत शिकाऊ उमेदवार म्हणूनच लागतात. “दोन वर्षं वकिलाकडं उमेदवारी केली” असं आपण म्हणतोच. फारसीतली ‘उमेद’ म्हणजे आशा. शिकणाऱ्याला आशा असते आणि शिकवणाऱ्यालाही त्याच्याबद्दल असते. ‘प्रशिक्षणार्थी’त ही ऊब नाही.

मी महसूल खात्यात नोकरी केली. आमच्याकडं ‘नायब’ हा जुना शब्द अजून चालतो, नायब तहसीलदार. त्यात एक चांगली गोष्ट आहे. नायबाला सही असते. तहसीलदार गावात नसला तरी काम अडत नाही. तुमच्या मावशीकडं वही होती, सही नव्हती. नाव कोणतंही द्या, त्याच्यासोबत ‘मुभा’ लिहा. जबाबदारी हा शब्द सगळ्या नोटिशींत असतो, मुभा कुठंच नसतो.

मूळ प्रश्नकर्ती (अंबाजोगाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. हिंगोलीच्या दादांना सांगते, वाईट वाटलं नाही. आमचे एक मामा तुमचं गोऱ्ह्याचं वाचून म्हणाले, “ह्येच सांगायलतो मी दोन वर्षांपासून.”

हे काम आता एकेका माणसावर ढकलत नेण्यासारखं राहिलेलं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्ध राहू शकतील असा आश्रम टप्प्याटप्प्यानं उभारावा असं कलम १९ म्हणतं. मराठवाड्याचे आठ जिल्हे धरा. दीडशे म्हाताऱ्या माणसांची एक इमारत म्हणजे रोज तीन पाळ्या, आणि प्रत्येक पाळीला निर्णय घेणारं कुणीतरी. इमारत बांधता येते, ही माणसं विकत मिळत नाहीत.

काल दुपारी डबे सोडून झाल्यावर सगळ्यांपुढं शब्द ठेवले. ‘पहारा’ ऐकल्याबरोबर तिघीचौघी हसून एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यांच्या गावात सप्ताह असतो. ‘उमेदवारी’वर थोडी कुजबुज झाली, मग एसटीचं उदाहरण दिल्यावर पटलं. तेव्हा ठरलं असं: सहा महिने उमेदवारी, त्यानंतर ‘पहाऱ्याची मावशी’ किंवा ‘पहाऱ्याचे मामा’. बिल्ला नाही. फळ्यावर नाव. पहिले दोन महिने रात्रीच्या पहाऱ्याला जुनं माणूस शेजारी.

मुभेचा मजकूर नांदेडच्या काकांच्या सांगण्यावरून वेगळा लिहिला. १०८ ला फोन कुणाला न विचारता. घरच्यांना रात्री कितीही वाजता उठवण्याची मुभा. कपाटात पाचशे रुपयांचं पाकीट, खर्च करून मग वहीत लिहायचं. पाळीतल्या कामाची वाटणी बदलायची मुभा.

ज्यांनी बिल्ला परत केला होता त्या मावशीला मी वेगळं बोलावून विचारलं, उमेदवारी नको, तुम्ही कुणाची तरी सोबत कराल का. त्यांनी नोटीस वाचायला घेतली, बोट ठेवून सगळी वाचली. मग म्हणाल्या, “रात्री पाकीट सरलं तर सकाळी भरणार कोण?”

ती ओळ राहिली होती. आता घातली आहे, माझ्या नावानं.