पावसात ईएससी बंद करून शेपूट सांभाळायला शिकावं का?

वरळीकर

जून तोंडावर आला की आमच्या गाडीवेड्या मंडळींत एक सल्ला दरवर्षी फिरतो. मागच्या चाकांवर चालणारी दमदार गाडी घेतली असेल, तर पहिल्या पावसात ईएससीचं, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेचं, बटण बंद करा, शेपूट म्हणजे गाडीची मागची बाजू सुटू द्या, सावरायला शिका, नाहीतर ती गाडी तुमची झालीच नाही. यंदा तो सल्ला सेकंडहँड फोर्ड मस्टँग घेतलेल्या एका तरुणाला दिला गेला आणि मला राहवलं नाही. मुंबईच्या रस्त्यावर, पावसात, हा सल्ला जीवघेणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

टायरकडे पकड एकच असते. वळायला तीच, वेग घ्यायला तीच, थांबायलाही तीच. मागच्या चाकांच्या गाडीत मागच्या टायरला गाडी ढकलायचीही असते आणि वळणात बाजूला घसरू द्यायची नसते. पाय जरा जास्त पडला की सगळी पकड ढकलण्यात संपते, बाजूला धरायला काही उरत नाही, आणि मागची बाजू बाहेर जाते. हाच ओव्हरस्टिअर. कोरड्या डांबराचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.९ धरला तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७५ किमीच्या आसपास टायर हात टेकतात. ओल्या रस्त्यावर ०.५ धरा, तेच वळण ५६ ला सुटतं. तेही टायर चांगले आहेत आणि गॅस वाढवलेला नाही असं धरून.

आता जे.जे. उड्डाणपुलाची वळणं डोळ्यांसमोर आणा. सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या, रंगवलेल्या पांढऱ्या रेषा, पहिल्या सरीत वर येणारं तेल आणि धूळ. घर्षण दर काही मीटरला बदलतं. डावं मागचं चाक रेषेवर आणि उजवं डांबरावर असताना ४०० च्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन काय करेल, हे पायाला कळायच्या आत गाडी आडवी झालेली असते. शेजारच्या लेनमधल्या गाडीत कोणीतरी असतं. त्याने या शिकवणीला होकार दिलेला नसतो.

घाटवेडा

वरळीकर, रस्त्यावर बटण बंद करू नये इथपर्यंत तुमच्यासोबत आहे. पण तुमच्या मांडणीतून लोक एवढंच घेतील की बटण चालू आहे, आता चिंता नको. हा समज मला जास्त घातक वाटतो.

ईएससी घर्षण तयार करत नाही. आहे तेवढ्याच पकडीचं नियोजन करतं. ५६ ला सुटणाऱ्या वळणात ८० ने शिरलात तर कोणतीही यंत्रणा तुम्हाला कठड्यापासून वाचवणार नाही. ज्याने आयुष्यात एकदाही मागची बाजू सुटताना अनुभवली नाही, तो त्या क्षणी ठरलेली चूक करतो: घाबरून गॅस एकदम सोडतो. गॅस सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि आधीच सुटू पाहणारी शेपूट पूर्ण सुटते. इंजिन मागे असलेल्या पोर्शच्या जुन्या ९११ ची सगळी बदनामी यातूनच आली.

सावरण्याची कृती कागदावर चार ओळींची आहे. नजर जायचं आहे तिकडे, कठड्याकडे नाही. शेपूट ज्या बाजूला जाते त्याच बाजूला स्टिअरिंग (हेच काउंटर-स्टिअरिंग), लगेच आणि पुरेसं. गॅस हळूहळू कमी, झटक्याने नाही. आणि सर्वात अवघड भाग: मागच्या चाकांनी पुन्हा पकड घेतली की स्टिअरिंग तितक्याच वेगाने सरळ करणं. इथे उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फेकली जाते. सुरुवातीची घसरण सावरलेले बरेच जण या दुसऱ्या झोक्यात जातात.

हे वाचून येत नाही. मालकाची परवानगी असलेल्या रिकाम्या, बंदिस्त आवारात, फरशी ओली करून, ताशी २५-३० वर, बटण बंद करूनच ते अंगात मुरतं. सगळ्या यंत्रणा चालू ठेवून गाडी तुम्हाला घसरूच देत नाही, मग शिकणार काय?

वरळीकर

गाडी घसरू देत नाही, यासाठीच ती यंत्रणा बसवली आहे ना? तिच्याकडे जे आहे ते तुमच्या-माझ्याकडे नाही. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय, याची तुलना ती सेकंदाला २५ वेळा करते. ओव्हरस्टिअर दिसला की वळणाबाहेरच्या बाजूचं पुढचं एकच चाक ब्रेक करते आणि गाडीचं तोंड सरळ खेचते. माणसाच्या पायाखाली चारही चाकांना मिळून एकच पेडल आहे. कितीही सराव करा, एक चाक वेगळं ब्रेक करता येणार नाही.

१९९५ मध्ये ही यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासबरोबर बाजारात आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत अचानक आडवं आलेलं जनावर चुकवावं तशी ए-क्लास वळवली आणि ती उलटली. त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट दिली. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात एकाच वाहनाच्या जीवघेण्या अपघातांचा धोका ईएससीमुळे सुमारे निम्म्याने कमी झालेला दिसला. सीटबेल्टनंतर इतका फरक करणारी दुसरी गोष्ट मला तरी दिसत नाही.

काळीपिवळी

माझे वडील आयुष्यभर टॅक्सी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. ती मागच्या चाकांवरच चालायची. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, काही नाही. लालबाग, परळ, हिंदमाता, भर पावसात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तोवर या शहराने मागच्या चाकांवर कित्येक पावसाळे काढले. घाटवेडा दादांचं मला पटतं. माणसाच्या पायात अक्कल असेल तर यंत्रणेचं एवढं कौतुक कशाला? वडील म्हणायचे, पावसात पेडल दाबायचं नाही, पेडलवर पाय ठेवायचा.

वरळीकर

तुमच्या वडिलांच्या वाक्यासमोर मी हात जोडतो. पण पद्मिनीत चाळीसेक अश्वशक्ती होती. पूर्ण पेडल दाबूनही मागची चाकं जेमतेम घसरायची. त्यांच्या पायातल्या शहाणपणाला चुकायला जागा होती. मस्टँगच्या चालकाला दहापट ताकदीसमोर तेवढी जागा मिळत नाही.

सायनची_टायरवाली

तुम्ही सगळे बटण आणि पाय यावर बोलताय. रस्त्याला टेकलेलं असतं ते रबर, त्याच्याबद्दल एक शब्द नाही. आमचं टायरचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या चाकांच्या ताकदवान गाडीत मागचे टायर आधी झिजतात, कारण ढकलण्याचं काम त्यांचं. बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढे-मागे अदलाबदलही करता येत नाही. परिणाम असा की गिऱ्हाईक येतं तेव्हा पुढे छान नक्षी आणि मागे गोटा. पावसात ओव्हरस्टिअर व्हायला याहून चांगली तयारी कोणती? कायद्याची किमान खोली १.६ मिमी आहे. ती दंड चुकवण्यासाठी ठीक आहे, मुंबईच्या जुलैसाठी नाही. मी मागे ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पावसात वापरू देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

दुसरं, पाण्यावर तरंगणं. नासाच्या जुन्या संशोधनातून एक ढोबळ सूत्र निघालं: रस्त्यावरचं पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त असेल तर टायर कोणत्या वेगाला पाण्यावर उचलला जाईल हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. ३२ पीएसआयला तो वेग ताशी ९४ किमीच्या आसपास येतो. हवा २४ वर उतरली तर ८२. सी-लिंकवर मर्यादा ८० आहे, अटल सेतूवर १००. फक्त रविवारी निघणारी गाडी आठवडाभर बेसमेंटमध्ये उभी असते, हवा कोण बघतं? रुंद टायरला पाणी बाजूला सारायला वेळ जास्त लागतो, तेही लक्षात घ्या. टायर उचलला गेल्यावर घाटवेडांचं काउंटर-स्टिअरिंग आणि वरळीकरांचं ईएससी दोन्ही हवेत, कारण दोघांनाही रस्ताच लागतो.

तिसरं, वय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सेकंडहँड स्पोर्ट्स कार कमी चाललेली असते म्हणून नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. असा टायर कोरड्यात चालून जातो आणि ओल्यात अचानक सोडतो, आधी इशारा देत नाही.

आणि चारही टायर एकाच मापाचे असून दोनच बदलायचे असतील तर नवे टायर मागे टाका, गाडी पुढच्या चाकांची असली तरी. पुढे घसरलं तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुतेकांना सावरता येते. मागे घसरलं तर फिरते. गॅरेजवाले सवयीने नवे पुढे टाकतात, तिथे उभं राहून सांगा.

घाटवेडा

ताई, तुमचा प्रतिसाद छापून डॅशबोर्डवर लावावा असा आहे. माझा एक शब्दही त्याच्या विरोधात नाही.

पण वरळीकर, निम्म्या अपघातांचा तुमचा आकडा सर्वसाधारण चालकांचा आहे. त्यातून यंत्रणा ठेवावी हे सिद्ध होतं, हात तयार करू नयेत हे सिद्ध होत नाही. आणि बटण म्हणजे फक्त चालू किंवा बंद असंही नाही. कित्येक बीएमडब्ल्यूंमध्ये एकदा दाबलं तर यंत्रणा थोडी सैल होते, थोडी घसरण होऊ देते आणि मग हात घालते. पूर्ण बंद करायला धरून ठेवावं लागतं. शिकणाऱ्याला ही मधली पायरी फार मोलाची आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एवढ्या मोठ्या शहरात सामान्य माणसाला पैसे भरून ओल्या फरशीवर गाडी घसरवून बघता येईल अशी एक कायमची जागा नाही. ट्रॅक म्हटलं की चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरजवळ कारी. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किमीचा वेगवान चाचणी ट्रॅक आहे, पण तो मुळात कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. मग पोरं रात्री दोनला पाम बीच रोडवर जातात. त्यांना नुसतं नको म्हणून ती थांबणार आहेत का?

ठाण्याचा_वकील

इथे एक गोष्ट स्पष्ट असू द्या. रात्री दोनलाही पाम बीच रोड हा सार्वजनिक रस्ताच. मोटार वाहन कायद्यात लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती जागा सार्वजनिक ठरते, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. त्यामुळे मैदान रिकामं होतं, हा बचाव टिकेलच असं नाही. धोकादायक चालवण्याला कलम १८४, शर्यतीला आणि वेगाच्या चाचणीला कलम १८९. खासगी कारच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. बंदिस्त खासगी जागा, मालकाची लेखी परवानगी, आसपास माणूस नाही, एवढं जमत असेल तरच घाटवेडांच्या सल्ल्याचा विचार करा.

नवीन_मस्टँग

वर उल्लेख झालेला तो मीच. गाडी ऑटोमॅटिक आहे. रोज ठाणे ते बीकेसी. तात्त्विक वाद मला समजला, पण या जूनमध्ये मी नेमकं काय करू? आणि चालता-चालता मागून सुटलीच तर ब्रेक मारू की नको?

वरळीकर

टायरचे चार आकडे आणि खोली आजच बघा, बटणाला हात लावू नका. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक सापळा असतो. वळणातून बाहेर पडताना अर्धा गॅस दिला की गिअरबॉक्स दोन गिअर खाली उतरतो आणि मागच्या चाकांवर एकदम ताकद येते. पावसासाठी वेगळा मोड असेल तर तो लावा. पोर्शने ९९२ पिढीच्या ९११ मध्ये चाकाच्या कमानीत सेन्सर बसवले आहेत, उडणाऱ्या पाण्याचा आवाज ओळखून ते चालकाला तो मोड सुचवतात. आपल्याकडे कान आहेत, ते वापरा.

ब्रेकबद्दल माझं मत: एबीएस आणि ईएससी चालू असलेल्या गाडीत, सराव नसलेल्या माणसाने ब्रेक घट्ट दाबावा आणि जायचं आहे तिकडे स्टिअरिंग धरावं. वेग कमी झाला की टायरला परत पकड मिळते, आणि कोणतं चाक किती धरायचं ते यंत्रणा ठरवते.

घाटवेडा

इथे मी पूर्ण असहमत आहे. वळणाच्या मध्यावर घट्ट ब्रेक म्हणजे सगळं वजन पुढच्या चाकांवर, आणि मागे झिजलेले टायर असतील तर यंत्रणेला खेळायला काहीच उरत नाही. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाआधी. वळणात शिरल्यावर पाय स्थिर. सुटलीच तर नजर, काउंटर-स्टिअर, गॅस हळू कमी. गाडी पूर्ण फिरली आणि आता सावरणं शक्य नाही असं कळलं, तरच ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. मग ती निदान ज्या दिशेला घसरते आहे त्याच दिशेला थांबते, मध्येच पकड घेऊन भलत्या लेनमध्ये उडी मारत नाही.

वरळीकर

ही चार पावलं सराव असलेल्या माणसाची आहेत. या मुलाला सराव नाही, आणि वेळ सेकंदभराची आहे. घाबरलेला पाय ब्रेकवरच जाणार. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल अशी यंत्रणा चालू असू दे.

घाटवेडा

म्हणूनच त्याला सराव द्या म्हणतोय. नवीन_मस्टँग, ओळखीच्यांच्या कारखान्याचं आवार भिवंडीकडे सुट्टीच्या दिवशी मिळू शकतं, लेखी परवानगी मी काढतो. आधी टायर बदलून या. पहिला दिवस सगळं चालू ठेवून, ताशी २५.