मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांच्या साइटला पुढची भाषा कन्नड की जर्मन?

मंडळी, वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, साइट मराठी आणि इंग्रजीत. बजेट एकाच नव्या भाषेपुरतं आहे. हिंदी तूर्त बाजूला ठेवली, कारण तिथे मार्केटप्लेसवाल्यांनी भाव अगदी खाली आणलेत.

कन्नडचं गणित सोपं. जीएसटी, कुरिअर, साइझचा तक्ता, सगळं तेच राहतं. 2019 चं जीआय मानांकन (मालाची ठरावीक भागाशी जोडलेली अधिकृत ओळख) कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांनाही आहे, त्यामुळे माल ओळखीचा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये कन्नड शब्दांवर इम्प्रेशन्स (शोधात साइट किती वेळा दिसली तो आकडा) जेमतेम दिसतात. पण कन्नड पानच नाही, तर दिसणार कुठून? त्या आकड्यावर निर्णय घ्यावासा वाटत नाही.

जर्मनीत एका जोडामागे मार्जिन चांगलं, पण भाषांतर हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. दारात ग्राहकाकडे व्हॅट मागितला जाऊ नये म्हणून 150 युरोपर्यंतच्या पार्सलला आयओएसएस (विक्रीच्या वेळीच व्हॅट घेऊन युरोपात भरायची नोंदणी), त्यासाठी युरोपातला मध्यस्थ. लुसिड या जर्मन नोंदवहीत पॅकेजिंगची नोंदणी वेगळी. डिसेंबर 2024 पासून मालाच्या सुरक्षिततेसाठी युरोपीय संघातली जबाबदार व्यक्ती दाखवावी लागते. चामड्यात क्रोमियम-6 हा घातक घटक किलोमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे लॅब रिपोर्ट आला. वर 14 दिवसांत कारण न देता माल परत! साइझ चुकला की परतीच्या भाड्यातच नफा जातो.

आयओएसएस मध्यस्थाची वार्षिक फी महिन्याला साधारण किती ऑर्डरींवर वसूल होते? कन्नडसाठी पूर्ण साइट न करता चार-पाच प्रॉडक्ट पानं आणि कन्नड जाहिराती एवढ्यावर अंदाज येतो का, की चेकआउट इंग्रजीत राहिलं तर चाचणीच फसते? आणि जर्मन केलंच, तर ऑस्ट्रियासाठी एचरेफलँग (पान कोणत्या भाषेचं, कोणत्या देशासाठी हे गूगलला सांगणारा टॅग) वेगळा द्यावा की जर्मन भाषेचा नुसता 'डीई' पुरे?