शब्दचर्चा : सहसंपादन, सामाईक लेखन की आणखी काही?

सड्यावरून

मंडळी, एक शब्द हवाय आणि तो सोमवारच्या आत हवाय.

आमच्या देवगड तालुक्यातल्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघतं. यंदा नववीच्या मुलांनी ते कागदाऐवजी गूगल डॉक्सवर काढलं. एकाच पानावर एकाच वेळी सात-आठ जण लिहीत होते, कुणी शाळेच्या संगणकावर, कुणी घरी आईच्या मोबाइलवर, आणि ज्याच्या वाडीत रेंज नाही तो सड्यावर कातळात बसून. विषय होता आपल्या बंदरातल्या होड्या. (‘हस्त’लिखित हे नाव तरी आता चालेल का, हा वेगळा वाद. बोटं हाताचीच असतात, एवढं म्हणून मी तो मिटवलाय.)

हेडसरांना या उपक्रमाचा अहवाल वर पाठवायचाय आणि त्यात इंग्रजी शब्द दिसता कामा नये, अशी त्यांची अट आहे. मी आपलं ‘तत्क्षणी सहसंपादन’ लिहिलं. घरी मोठ्याने वाचून बघत होते, तर आतून सासूबाईंचा आवाज आला, “म्हणजे आता शाळेची पण जागा जाणार?”

त्यांचं माहेर कणकवलीकडचं. हायवेच्या चौपदरीकरणात तिकडे ज्यांनी नोटिसा घेतल्या, त्यांना ‘संपादन’ म्हटलं की मागचा ‘भू’ न लिहिताच ऐकू येतो. आणि त्यात त्यांचं चुकत नाही. संपादणे म्हणजे मिळवणे, हाच तर मूळचा अर्थ. विश्वास संपादन करतो, विद्या संपादन करतो, सरकार जमीन संपादन करतं. मजकुराच्या बाबतीत ‘सिद्ध करणे, तडीस नेणे’ ही छटा पुढे येते आणि म्हणून संपादक.

माझी अडचण त्या संपादकापाशीच आहे. मराठीतला पहिला संपादक आमच्याच तालुक्याचा. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी. तेव्हापासून आपल्या मनात संपादक म्हणजे शेवटचा शब्द ज्याचा तो. आलेला मजकूर तो वाचतो, कापतो, मथळा बदलतो आणि छापतो. मुलांच्या पानावर असा कुणीच नव्हता. सगळे लिहीत होते, सगळे खोडत होते, आणि खोडलेलं परत आणतही होते. शिवाय ‘सहसंपादक’ हे वर्तमानपत्रातलं एक पद आहे. सात-आठ सहसंपादक आणि संपादक एकही नाही, असं वर्तमानपत्र मी तरी पाहिलेलं नाही.

तर प्रश्न दोन. या कामाला काय म्हणावं? आणि ‘रिअल टाइम’ला काय म्हणावं? कृपा करून ‘वास्तविक वेळ’ सुचवू नका. तो शब्द ऐकून मुलं घड्याळाकडे बघतात.

निवृत्त कारकून

बाई, उत्तर तुमच्या उशाशी आहे आणि तुम्ही जगभर शोधताय. सातबारा काढा.

कोकणातला कुठलाही जुना सातबारा घ्या. पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, आणि शेजारी शब्द ‘सामाईक’. प्रत्येकाचा हक्क सगळ्या जमिनीवर, आणि हा तुकडा माझाच असं कुणाला म्हणता येत नाही. तुमच्या मुलांचं पान तसंच आहे. सामाईक पान, सामाईक लेखन. शब्द खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही कळेल आणि ज्याने सामाईक प्रवेश परीक्षा दिली त्या पोरालाही.

आणखी एक घ्या. पानाच्या जुन्या आवृत्त्या दिसतात ना, कुणी कधी काय बदललं ते? त्याला आमच्या दप्तरात नाव आहे : फेरफार. गाव नमुना ६. सातबाऱ्यावरचा प्रत्येक बदल आधी तिथे नोंदला जातो, क्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तलाठ्याने स्वतःच्या मनाने खोडायचं नाही. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. लोक तलाठीच म्हणतात.) आणि कमी झालेलं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. आमच्या हाताखालून गेलेल्या उताऱ्यांवर कंसातली नावं उघड्या नावांपेक्षा जास्त असायची. कागदाने काही विसरायचं नाही, हा नियम तुमच्या गूगलच्या आधीचा आहे.

जोडाक्षर

‘सामाईक’ला माझं अनुमोदन. मात्र अहवालात ‘सामायिक’ लिहावं की ‘सामाईक’ हे आधी ठरवा. दोन्ही रूपं चालतात, पण जैन वाचकाला ‘सामायिक’ म्हटलं की अठ्ठेचाळीस मिनिटं समभावाने बसण्याचं व्रत आठवेल. नववीच्या मुलांकडून ती अपेक्षा फार आहे.

‘फेरफार’ला मात्र हरकत, पंधरा दिवसांच्या आत नोंदवतो. महसुलाच्या बाहेर हा शब्द नासलेला आहे. ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हटलं की पुढचा शब्द पोलीस. मुलाने आपल्याच वाक्यातला ऱ्हस्व दीर्घ केला आणि अहवालात आलं ‘विद्यार्थ्याने मजकुरात फेरफार केला’, तर पालक धावत येतील. मराठी विकिपीडियावर नुसतं ‘इतिहास’ म्हणतात, ते साधं आहे.

विकिपीडियावरचाच दुसरा एक शब्द इथे कामाला येईल : धूळपाटी. नवख्याने हात साफ करून घ्यायची, मोडलं तरी चालेल अशी जागा. पूर्वी मुलं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवत, धुळाक्षरं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. इंग्रजीत त्याच जागेला वाळूची पेटी (सँडबॉक्स) म्हणतात, म्हणजे खेळायची जागा. आपण तिला शिकायची जागा केली, हे मला फार आवडतं. कोणी ठेवलं असेल ते नाव, त्याला माझा दंडवत.

रापणकराचो झील

आमी रापण ओढतव तेवा कोण इचारता काय, हेचो संपादक कोण म्हणान?

पुढचं साध्या मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी वाटेत उतरतील. मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा होडीने जाळं अर्धगोल टाकत परत किनाऱ्याला येतात. मग दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंनी माणसं ओढतात. एका बाजूने जोर जास्त झाला तर जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. म्हणून ओढणारा दुसऱ्या बाजूकडे बघत ओढतो. तुमच्या ‘रिअल टाइम’चा अर्थ मला एवढाच कळतो, की दुसऱ्याचा हात दिसत असताना आपला हात चालवायचा. मासळी आली की तिचे वाटे. मग पानाला ‘रापण’ का म्हणू नये? आणि बाजूला जी चॅटची खिडकी असते तिला ‘गजाली’. ह्या दुसऱ्यावर तरी वाद नको.

सड्यावरून

गजाली मंजूर, अहवालात नाही, वर्गात.

रापणीबद्दल विचार केला. उपमा म्हणून सुंदर, पण रापणीत सगळे एकच काम करतात. पानावर एक जण पहिला परिच्छेद लिहितो, दुसरी तिसऱ्यातलं शुद्धलेखन बघते, आणि कुणीतरी मध्येच होडीचं चित्र टाकून सगळ्यांचा मजकूर खाली ढकलतो. दोन्ही दोर नेहमी एकाच दिशेला जातात असं नाही.

त्यावरून घडलेलं सांगते. एकाने ‘पडाव’ (मोठी मालवाहू होडी) लिहिताना ‘पडव’ लिहिलं. दोन मुलींना ते एकदमच दिसलं. दोघींनी काना घातला. पानावर काय उमटलं? ‘पडााव’, एकापुढे एक दोन काने. मी प्रोजेक्टरवर बघत होते. दोघी थबकल्या. मग दोघींनी, आपलाच काना जास्तीचा झाला असं समजून, आपापला काना काढला. परत ‘पडव’. असं दोनदा झालं. शेवटी एक मुलगी मागच्या बाकावरून ओरडली, “तू नको, मी घालते!” सगळा वर्ग हसला.

मला कळेना की यंत्राला हे का कळू नये.

कोडकर

बाई, यंत्राने त्याचं काम चोख केलं. माझा धंदा हाच आहे (रत्नागिरीत बसून पुण्याची नोकरी), म्हणून थोडं लांबण लावतो.

एसटी स्टँडवर रांग आहे, समजा पानावरच्या अक्षरांचीच. तुम्ही लांबून चिठ्ठी पाठवली, ‘पाचव्याला बाहेर काढा’. चिठ्ठी पोचेपर्यंत दुसऱ्या जागेवर कोणी घुसला. आता चिठ्ठीतला पाचवा प्रत्यक्षात सहावा झाला. चिठ्ठी जशीच्या तशी पाळली तर भलताच माणूस बाहेर जाईल. म्हणून खिडकीवरचा माणूस मध्ये कोण घुसलं ते बघून ‘पाच’चं ‘सहा’ करतो आणि मग हुकूम पाळतो. एलिस आणि गिब्ज या संगणक-संशोधकांनी १९८९मध्ये मांडलेली रीत साधारण हीच, आणि गूगल डॉक्स याच घराण्यातलं. दुसरी रीत अलीकडची, २०११च्या सुमारास पक्की झालेली : रांगेतल्या प्रत्येकाला त्याचं असं टोकन द्यायचं. मग जागा कितीही हलू देत, हुकूम टोकनावर निघतो, खिडकीवर माणूस नसला तरी चालतं. सड्यावरचा तुमचा मुलगा रेंज नसताना लिहितो आणि नंतर सगळं एकदम येऊन मिळतं, त्याला ही दुसरी रीत जास्त मानवते.

दोन्ही रीतींचा कटाक्ष एकच : कुणाचंही टंकलेलं अक्षर हरवता कामा नये, आणि शेवटी सगळ्यांच्या पडद्यावर एकच मजकूर दिसला पाहिजे. दोन मुलींनी दोन काने दिले, यंत्राने दोन्ही जपले. दोघींनी आपापला काढला, दोन्ही गेले. ‘पडाव’ म्हणजे काय हे त्याला माहीत नाही. त्याच्या लेखी काना हे एक अक्षर, बस्स.

म्हणून यंत्राच्या या कामाला मी ‘मेळ घालणे’ म्हणतो. ‘विलीनीकरण’ संस्थानांना शोभतं.

आणि बाई, ही कल्पना तुम्हाला वाटते तितकी नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संगणक-संशोधकाने भर सभेत दाखवलं होतं, तो मंचावर आणि त्याचा सहकारी दूर मेन्लो पार्कला, दोघांसमोर एकच मजकूर. त्याच सभेत त्याने माउसही दाखवला. घरोघरी यायला मात्र चाळीस वर्षं लागली. २००८ला ईथरपॅड हे एकत्र लिहायचं संकेतस्थळ आलं, प्रत्येकाचं लिखाण वेगळ्या रंगात आणि अख्खं पान सुरुवातीपासून चित्रपटासारखं परत चालवून बघायची सोय. पुढच्या वर्षी गूगलने ते विकत घेतलं आणि त्याचा कोड खुला केला. वर्गासाठी ते रंग अजून मला गूगलपेक्षा बरे वाटतात. कोणी किती लिहिलं ते विचारावं लागत नाही.

जोडाक्षर

‘मेळ’ झकास.

आता ‘रिअल टाइम’. ‘थेट’ का नको? थेट प्रक्षेपण आपण रोज म्हणतो. ‘तत्क्षणी’ बरोबर आहे, पण त्याला कोर्टाचा वास येतो. ‘हातोहात’ मला सुचला होता, पण हातोहात एकतर आंबे खपतात नाहीतर माणूस फसतो.

निवृत्त कारकून

‘डोळ्यांदेखत’.

जोडाक्षर

काका, डोळ्यांदेखत घर वाहून जातं. चांगलं काही डोळ्यांदेखत झाल्याचं वाक्य आठवून सांगा.

निवृत्त कारकून

डोळ्यांदेखत पोरं मोठी झाली.

सड्यावरून

काका जिंकले. पण हेडसर ‘डोळ्यांदेखत’ वर पाठवणार नाहीत, म्हणून ‘थेट’ घेते.

‘संपादन’ मात्र मी अगदीच टाकून देत नाही. मुलांनी लिहिलं ते सामाईक लेखन. पण त्यातून एकीला पडाव कळला, दुसऱ्याला डोलकाठी आणि परबाण (शिडाची आडवी काठी) यांतला फरक कळला (आजोबांना फोन करून), आणि दोघींना काना एकाच वेळी घालू नये हे कळलं. याला ज्ञानसंपादन म्हणायला सासूबाईंचीही हरकत नसावी. तेव्हा मथळा असा केला : ‘थेट सामाईक लेखनातून ज्ञानसंपादन’. जुन्या आवृत्त्यांना ‘इतिहास’, कॉमेंटला ‘शेरा’, आणि यंत्र घालतं तो ‘मेळ’.

अहवालाचं पानही सामाईकच ठेवलंय. आत्ता बघतेय तर हेडसरांचा कर्सर मथळ्यापाशी येऊन उभा आहे. ‘सामाईक’ खोडला. ‘संयुक्त’ लिहिला. तोही खोडला. ‘सामाईक’ परत आला. आता बाजूला शेरा उमटतोय : “शब्द ठीक. पण सातबाऱ्यावर आमच्या भावाभावांत याच शब्दावरून केस चालू आहे, तेव्हा”

वाक्य तिथेच थांबलंय. त्यांच्याकडे रेंज गेली असावी.