मदत हवी आहे: जाड व्हिजिटिंग कार्डासाठी कागद आणि फिनिश कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मेव्हणा आणि मी मिळून नाशिकला सातपूरमध्ये सागवानी फर्निचरचा छोटा कारखाना चालवतो. आजवर हजाराच्या गठ्ठ्यात मिळतात तीच चकचकीत कार्डं वाटत आलो. आता बरंचसं काम आर्किटेक्ट लोकांकडून येतं आणि त्यांची कार्डं पाहिली की आपलं खिशातून काढायला हात धजत नाही. म्हणून या खेपेला पाचशेच काढायची, पण नीट काढायची, असं ठरलंय.

एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मराठी बाजूला थोडी मोकळी जागा हवीच, कारण साइटवर उभ्या उभ्या आम्ही कार्डावरच मापं लिहून देतो. ती सवय काही सुटायची नाही.

प्रेसवाल्याचं म्हणणं, ३५० जीएसएम आर्ट कार्ड, दोन्हीकडून वेल्वेट लॅमिनेशन आणि लोगोवर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर चकचकीत थर. नमुना हातात घेतला. मखमलीसारखा लागतो खरा, पण काळ्या भागावर बोटांचे ठसे लगेच उठले, आणि बॉलपेनने लिहून पाहिलं तर शाई पुसली गेली. दुसरा पर्याय म्हणजे ६०० जीएसएमचा बिनलॅमिनेशनचा कागद, लोगो डिबॉस (कागदात दाबून खोलगट उमटवलेला) आणि कडेला रंग. माझा कल इकडे आहे. मेव्हण्याला मात्र सोनेरी फॉइल पाहिजे. मी म्हटलं, लोक लग्नपत्रिका समजून आहेर घेऊन येतील.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, जाडी नव्हे, एवढं कळलंय. आर्ट कार्ड दाबून गुळगुळीत केलेलं असतं, त्यामुळे तितक्याच जीएसएमचा साधा कागद हाताला जास्त जाड लागतो. मग प्रेसमध्ये सरळ मिलिमीटरमध्ये बोलायचं का? एटीएम कार्ड ०.७६ मिमी असतं, साधारण तेवढं मला हवंय. साडेतीन बाय दोन इंचाचं ६०० जीएसएमचं कार्ड २.७ ग्रॅम भरतं, म्हणजे पाचशे कार्डं सव्वा किलोच्या वर! खिशातल्या डबीत निम्मीच मावतील, ते चालेल.

अडलंय ते इथे: इतक्या जाड कार्डाला एका बाजूने डिबॉस केलं तर मागच्या बाजूला फुगवटा येतो का? आणि लोगोत देवनागरी अक्षरं आहेत, ती दाबात नीट उमटतील का? जाणकारांनी सांगावं.

— रंधा

---

शाईवाला: ६०० म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ३०० चे दोन कागद चिकटवलेले असतात. तुमच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या छापायच्या, लोगोच्या कागदावर आधी डिबॉस मारायचा, मग दोन्ही चिकटवायचे आणि शेवटी कटिंग. फुगवटा आतल्या आत राहतो, मागची बाजू सपाट मिळते. प्रेसवाल्याला हा क्रम आधीच सांगा, नाहीतर तो तयार जाड कार्डावरच ठोकेल. मधे तिसरा रंगीत कागद घातला तर कडेला आपोआप रंगाची रेघ दिसते, वेगळा रंग लावायला नको.

मिलिमीटरमध्ये जरूर बोला, पण त्याहून बरं म्हणजे त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुना कार्ड, चिकटवून मागा. आणि दोन्ही कागदांचा ग्रेन, म्हणजे तंतूंचा कल, एकाच दिशेला हवा, नाहीतर कार्ड पिळवटतं. लॅमिनेशनचंही तसंच, करायचं तर दोन्हीकडून, नाहीतर मुळीच नको. एकाच बाजूला असलं की पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा पिते आणि गठ्ठा केळीच्या पानासारखा वळतो.

निळी_दौत: वेल्वेटला उगाच नावं ठेवू नका. गडद रंगाचा पूर्ण पट्टा छापायचा असेल तर लॅमिनेशनशिवाय कटिंगच्या कडेला शाई उडून पांढरं दिसतं. पण तुम्हाला त्यावर लिहायचं आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला, साधा कागदच घ्या. फक्त पार्श्वभूमी कोरी ठेवा, रंग अक्षरांपुरताच. आणि खडबडीत कागद असेल तर डिजिटल प्रिंटरचा टोनर (पावडर शाई) खळग्यांत बसत नाही, ऑफसेट किंवा स्क्रीन प्रिंटिंग विचारा.

वेलांटी: देवनागरीबद्दल. डिबॉस किंवा फॉइलचा ब्लॉक (धातूचा ठसा) बनतो तेव्हा 'क्ष', 'श्र' यांतली पोकळी लहान असली की भरून जाते, आणि बारीक शिरोरेषा मधेच तुटते. लोगोतली अक्षरं ठसठशीत घ्या, पत्ता आणि फोन नंबर साध्या शाईत. बिनशाईचा डिबॉस उजेडात सुंदर दिसतो, पण साइटवरच्या अंधाऱ्या जिन्यात काही वाचता येत नाही.

दुसरं म्हणजे मजकूर व्हॉट्सॅपवर पाठवून "टाइप करून घ्या" म्हणू नका. अनेक प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉ आणि श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट आहेत. तुमचा युनिकोड मजकूर तिकडे गेला की रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. फाइल स्वतः करून घ्या, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे चित्रासारख्या आकारात) बदला, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा) ठेवा. क्यूआर कोड टाकणार असाल तर तो साध्या काळ्या शाईत, भोवती पांढरी जागा ठेवून. फॉइलमधला क्यूआर चमकतो आणि मोबाइल नुसता घुटमळत बसतो.

दादरकर: मुंबईला येणं होत असेल तर गिरगावात खाडिलकर रोडला चक्कर मारा. लग्नपत्रिकांची दुकानं असली तरी डिबॉस, फॉइल, जाड कागद यांचे नमुने एका जागी हाताळायला मिळतात. मेव्हण्याला बरोबर न्या, सोनेरी फॉइलची हौस तिथल्या तिथे भागेल.

शाईवाला: एक राहिलं. पाचशेसाठी मॅग्नेशियमचा ब्लॉक पुरतो, पितळेचा नको. ब्लॉकचे पैसे तुम्ही देता, तेव्हा काम झाल्यावर तो मागून घ्या, पुढच्या खेपेला लागेल. आणि हजारी दरातली चाररंगी कार्डं एकाच शीटवर दहा गिऱ्हाइकांची छापतात. तिथे तुमचा तपकिरी दर वेळी थोडा वेगळा येणारच. ठरावीक रंग हवा असेल तर वेगळा जॉब टाका.

रंधा: सगळ्यांचे आभार. ठरलं. ३०० अधिक ३००, साधा कागद, आधी डिबॉस मग चिकटवणं, मराठी बाजूचा खालचा एक तृतीयांश भाग कोरा. अक्षरं जाड करायला डिझाइन करणाऱ्या मुलीला सांगितलंय, 'श्र' आहेच लोगोत. फॉइलवरून घरात तह झालाय: दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर हवं तितकं मारायचं. मधला तिसरा कागद डमी पाहून ठरवू. सातपूर-अंबड भागात डिबॉससाठी जुनं ट्रेडल छपाईयंत्र अजून चालू असलेली प्रेस कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.