सोकोबानचा सॉल्व्हर: आधी बिट की आधी डेडलॉक?

विरार_फास्ट:
सोकोबान, म्हणजे गोदामातली खोकी ढकलत खुणेच्या जागी न्यायचा १९८१चा जपानी खेळ, त्याचं अँड्रॉइडसाठी इंजिन (लेव्हल आपोआप सोडवून हिंट देणाऱ्या सॉल्व्हरसकट) लिहितोय आणि माझं ठाम मत झालंय की पहिल्या दिवशीच एक स्टेट, म्हणजे खोकी आणि माणूस कुठे आहेत ती पटाची स्थिती, किती बाइटची ते ठरवायचं, अल्गोरिदमचं नंतर बघू. लोक सरळ २०×२०चा अ‍ॅरे कॉपी करत सुटतात, घराला एक बाइट म्हटलं तरी ४०० झाले, त्यात कितीतरी भिंती ज्या कधी हलतच नाहीत! खोकं जिथे ठेवण्यात अर्थ आहे फक्त त्या घरांना नंबर द्या. अशी घरं ५८ पर्यंत असली तर ५८ बिट खोक्यांचे, उरलेले ६ माणसाच्या जागेचे (फरशीची एकूण घरं ६४ च्या आत हवीत), अख्खी स्टेट ६४ बिटच्या एका आकड्यात. १ कोटी स्टेट ८० एमबीत बसतात.

दादर_पूर्व:
अजिबात पटलं नाही. सोकोबान पीस्पेस-कम्प्लीट आहे, म्हणजे सगळ्या लेव्हल झटपट सोडवणारी युक्ती मिळण्याची आशा जवळपास नाही, संगणकशास्त्रज्ञ कल्बरसनने १९९७ मध्ये सिद्ध केलंय. स्टेट दहापट लहान केलीत तर दहापट जास्त स्टेट मावतील, पण प्रत्येक ढकलण्याला फाटे फुटत जातात त्यामुळे तुम्ही फार तर दोनचार पावलं पुढे जाल, बस. त्यापेक्षा मेलेल्या फांद्या, म्हणजे डेडलॉक, जिथून डाव सुटूच शकत नाही त्या स्थिती, छाटा ना! लेव्हल उघडताना एकदाच, प्रत्येक खुणेवर एकटं खोकं ठेवून उलटं ओढत न्या, जिथे ते कधीच पोचत नाही ते घर डेड, तिथे ढकलायचंच नाही. भिंतीला चिकटून दोन खोकी शेजारी अडकली आणि त्यातलं एक जरी खुणेवर नसलं तरी तिथेच थांबा.

विरार_फास्ट:
अहो पण डेड घरं काढली म्हणूनच तर ५८ मध्ये बसतं.

दादर_पूर्व:
म्हणजे आधी विश्लेषण केलंत आणि बिट नंतर आले. मी तेच म्हणतोय!

मुलुंडची_मैत्रेयी:
दोघांनीही सगळ्यात मोठी बचत सोडली. माणूस नक्की कुठे उभा आहे ते ठेवूच नका, काही न ढकलता तो जिथे जिथे फिरू शकतो त्यातलं सगळ्यात वरचं-डावं घर ठेवा. नाहीतर खोकी तिथल्या तिथेच आणि माणूस ३० जागी उभा, अशा ३० वेगळ्या स्टेट पाहिलेल्या स्टेटच्या टेबलात जातात. आणि खरं सांगू का, फोनवर सॉल्व्हर हवाच कशाला? उत्तरं आधी काढून लेव्हलसोबत द्या, खेळणाऱ्याच्या बॅटरीचाही विचार करा की.

विरार_फास्ट:
ताई, माणसाच्या जागेचं हे नॉर्मलायझेशन एकदम मान्य. पण दुसरं नाही. हिंट मागणारा सुरुवातीच्या स्थितीत नसतो, चार खोकी भलतीकडे नेऊन अडकलेला असतो, त्याला तयार उत्तर काय कामाचं? सगळं अनडू करायला लावलं तर तो परत हिंट मागणारच नाही. सर्व्हरला विचारावं तर लोकलमध्ये वसई खाडीच्या पुलावर रेंज गेली की संपलं.

जुना_सीवाला:
८० एमबीचा हिशेब कागदावरचा आहे दादा. जावाच्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे तयार टेबलात, लाँग (६४ बिटचा आकडा) टाकलात की किल्लीचं वेगळं ऑब्जेक्ट, नोडचं वेगळं, ८ बाइटचे कितीतरी पट होतात. लाँगचा साधा अ‍ॅरे घ्या, ओपन अ‍ॅड्रेसिंग, जागा भरलेली असली तर पुढची बघायची. त्यातही अर्धं टेबल रिकामं ठेवलंत तर १६० एमबी. शिवाय वाट परत काढायला आधीच्या स्टेटचा ४ बाइटचा इंडेक्स लागतो, तो तुम्ही धरलेलाच नाही.

विरार_फास्ट:
इंडेक्सचं बरोबर आहे, धरतो. मोठ्या लेव्हलना मात्र झोब्रिस्ट हॅश वापरणार (प्रत्येक घराला एक रँडम आकडा, खोकी असलेल्या घरांचे आकडे एक्सॉर या बिटांच्या क्रियेने एकत्र करून स्टेटची ओळख), एक खोकं हललं की दोन एक्सॉर, काम झालं, आणि टेबलात फक्त ६४ बिटचा हॅश. १ कोटी स्टेटमध्ये दोन हॅश कुठे जुळण्याची शक्यता लाखात एकसुद्धा नाही.

दादर_पूर्व:
लाखात एक असो नाहीतर कोटीत, हॅश जुळला की न पाहिलेली स्टेट पाहिलेली समजून टाकली जाते. नेमकी उत्तराची वाट त्यातूनच जात असली तर? खेळणाऱ्याला ‘इथून सुटत नाही’ असं सांगणार असाल तर पूर्ण स्टेट ताडून बघितल्याशिवाय सांगू नका, ते चूक ठरलं तर सुटणारा डाव तो सोडून देईल.

जुना_सीवाला:
दोन्हीचं वेगवेगळं बघा ना. वाट सापडली तर ती पटावर चालवून तपासता येते, तिथे हॅश बिनधास्त वापरा. ‘सुटत नाही’ हे उत्तर फक्त ६४ बिटमध्ये जशाच्या तशा बसणाऱ्या लेव्हललाच द्या, बाकीच्यांना ‘हिंट सापडली नाही’ एवढंच म्हणा.