स्पिन-आइसमध्ये शिथिलनकालाचे पठार का दिसते?

प्रश्न:
मी डिस्प्रोशियम टायटनेट या स्पिन-आइसच्या (ज्यातील स्पिन, म्हणजे अणूंचे सूक्ष्म चुंबक, पाण्याच्या बर्फासारख्या नियमाने मांडलेले असतात) एकस्फटिकावर एसी ससेप्टिबिलिटी, म्हणजे आलटत्या चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, मोजत आहे. सुमारे १५ केल्व्हिनच्या वर शिथिलनकाल (चुंबकनाला बदललेल्या क्षेत्राशी जुळवून घेण्यास लागणारा वेळ) अरेनियसच्या नियमाने चालतो, म्हणजे तापमान घटेल तसा घातांकी वेगाने वाढतो, आणि ऊर्जेचा अडथळा २०० केल्व्हिनच्या आसपास येतो, जो स्फटिकक्षेत्रातील (भोवतालच्या अणूंच्या विद्युतक्षेत्रातील) पहिल्या उत्तेजित पातळीशी साधारण जुळतो. त्याखाली मात्र ५ केल्व्हिनपर्यंत तो काही मिलिसेकंदांवर जवळजवळ सपाट राहतो आणि २ केल्व्हिनखाली पुन्हा झपाट्याने वाढतो. एकाच पदार्थात या तीन तऱ्हा कशा, आणि शेवटच्या वाढीला स्पिन-ग्लास (वेड्यावाकड्या दिशांत गोठलेले स्पिन) म्हणावे का?

उत्तर १:
स्पिन-ग्लास म्हणण्याची घाई करू नये. तेथे अणूंच्या मांडणीतच अव्यवस्था असते. येथे जाळी सुव्यवस्थित आहे आणि कुचंबणा निव्वळ भूमितीची आहे. (‘फ्रस्ट्रेशन’साठी मला ‘वैफल्य’ पटत नाही, सर्व शेजाऱ्यांचे एकाच वेळी समाधान करता न येणे ही कुचंबणाच होय.) स्पिन एकमेकांना कोपऱ्यांत जोडलेल्या चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसतात. प्रत्येक चतुष्फलकावरील चार स्पिनांच्या १६ रचनांपैकी ‘दोन आत, दोन बाहेर’ (दोन स्पिन चतुष्फलकाच्या आत आणि दोन बाहेर रोखलेले) हा नियम ६ रचना पाळतात. पाउलिंग यांनी १९३५ मध्ये पाण्याच्या बर्फासाठी केलेली गणना येथे लावली, तर दर मोल स्पिनांमागे ½R ln(३/२), म्हणजे सुमारे १.६९ जूल प्रति केल्व्हिन एवढी एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप; R हा वायू-स्थिरांक) अतिनीच तापमानालाही शिल्लक राहावी. १९९९ मध्ये रामिरेझ आणि सहकाऱ्यांना उष्माधारितेच्या मोजमापांतून जवळपास तेवढीच मिळाली.

उत्तर २:
वरील उत्तरातून स्थिर चित्र कळते, परंतु आपला प्रश्न गतीचा आहे. नियम पाळणाऱ्या अवस्थेत एक स्पिन उलटला की शेजारचे दोन चतुष्फलक एकदमच नियम मोडतात, एक ‘तीन आत’ आणि दुसरा ‘तीन बाहेर’. कॅस्टेलनोव्हो, मोस्नर आणि सोंधी यांनी २००८ मध्ये दाखवले की हे दोन दोष परस्परविरुद्ध चुंबकीय एकध्रुवांसारखे (सुट्या उत्तर आणि दक्षिण ध्रुवांसारखे) वागतात आणि त्यांच्यात कूलोंब-स्वरूपाचे (विद्युतभारांमध्ये असते तसे) आकर्षण असते. या पदार्थात एक एकध्रुव निर्माण करण्यास सुमारे ४.३५ केल्व्हिन एवढी ऊर्जा लागते, मात्र निर्माण झालेला एकध्रुव पुढच्या चतुष्फलकावर सरकताना फारसा खर्च येत नाही. म्हणून चुंबकन बदलण्याचा वेग एकध्रुवांची संख्या आणि त्यांच्या उडीचा दर या दोहोंवर ठरतो. पठाराच्या भागात एकध्रुव विपुल असतात आणि उडी क्वांटम टनेलिंगने (अडथळा न चढता त्यातून पार होऊन) होत असल्यामुळे तिचा दर तापमानावर जवळजवळ अवलंबून नसतो. २ केल्व्हिनखाली एकध्रुवच दुर्मीळ होतात. म्हणजे तेथे स्पिन आपापल्या जागी घट्ट होत नाहीत, त्यांना उलटवणारा वाटसरू फिरकत नाही, इतकेच.

प्रश्नकर्ती:
हे पटले. पण २ केल्व्हिनखालील आलेखावर एकच अडथळा धरून सरळ रेषा बसवली, तर ती नीट बसत नाही.

उत्तर २:
ती बसू नयेच. जोबेर आणि होल्ड्सवर्थ यांनी २००९ मध्ये याच पदार्थाच्या आधीच्या मोजमापांवर दाखवले की एकध्रुवांमधील कूलोंब बल धरल्याशिवाय ही वाढ नीट जमत नाही. २०२२ मध्ये आणखी एक बारकावा पुढे आला: स्पिनाला मिळणारे स्थानिक आडवे क्षेत्र शेजाऱ्यांच्या रचनेनुसार कधी मोठे, तर कधी जवळजवळ शून्य असते, त्यामुळे काही उड्या फार मंद होतात आणि एकध्रुव फ्रॅक्टलसदृश वाटांवर अडकून फिरतो. मला या विषयातील हा सर्वांत सुंदर शोध वाटतो, कारण कुचंबणेने स्थिर अवस्थेइतकेच चालीलाही आकार दिला आहे.

उत्तर ३:
अर्थ लावण्यापूर्वी प्रयोगाकडेही पाहावे. या पदार्थात चुंबकन मोठे असल्याने विचुंबकन-सुधारणा (नमुन्याच्या स्वतःच्या चुंबकनामुळे आतले क्षेत्र बदलते, त्याची दुरुस्ती) न केल्यास शिथिलनकालच चुकीचा येतो. ०.७ केल्व्हिनखाली नमुना समतोलाला पोहोचण्यास फार वेळ घेतो, म्हणून थंड करण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ दोन्ही नोंदवून ठेवावेत. स्फटिकात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असतील, तर तेवढ्यानेही नीच तापमानाची गती बदलते. ऑक्सिजनमध्ये तापवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर तेच मोजमाप करून पाहावे.