अनमोड घाटातला अपघात वेर्ण्याच्या गेटवरच सुरू होतो

डिस्पॅचवाला, मडगाव
परवा अनमोड घाटात कठड्याला टेकलेला ट्रक पाहिला. सोबतच्याने लगेच निकाल दिला, "पिऊन असणार, गोव्यात स्वस्त मिळते ना!" मला पटलं नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, बघतो. गाडी सकाळी येते, गेटपास दुपारी, भरायला रात्र. रांग मधेमधे एकेका गाडीने सरकते, त्यामुळे ड्रायव्हरला डोळा लावता येत नाही. मग रात्री ११ वाजता बिल्टी (मालाची पावती) हातात ठेवून आम्हीच सांगतो, सकाळी हुबळीला पोच. माणूस स्टेअरिंगला बसण्याआधीच थकलेला असतो. थांबलेले तास कामाचे धरा आणि भरलेली गाडी रात्री ६ तास सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

वाळपईचा गाडीवाला
बोलायला काय जातं? माझ्या दोनच गाड्या. ६ तास थांबलो की परतीचं भाडं दुसरा उचलतो, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा, तो ८ तासांचा, ५ कामगार असतील तरच लागू असायचा; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. मला तो नव्हताच. पूर्वी नॅशनल परमिटला दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, ती अट २०१८ मध्ये सरकारनेच काढली. आणि ड्रायव्हरला पैसे खेपेवर, तोच म्हणतो "शेट, निघतो."

फोंडेकर
अर्धाच कायदा वाचलात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ बघा. मालवाहू गाडी चालवणाऱ्याला तेच तास लावलेत, गाड्या दोन असोत की दोनशे. कोणी तपासत नाही, ते सोडा. आणि खेपेवर पैसे देणार तुम्ही, वर "तोच निघतो म्हणतो" हेही तुम्हीच सांगणार?

कुठ्ठाळीची ताई
आमचंही ऐका. रात्री हायवेच्या कडेला मागचा दिवा न लावता ट्रक उभे. स्कूटरवाला आदळला की मरतो तो. विश्रांती हवीच, पण आमच्या दारात का? सकाळी ओहोळाकडे जायची सोय उरलेली नाही.

डिचोलीचा ड्रायव्हर
ताई, संडास दाखवा, ओहोळाकडे कोण जाईल? १६ वर्षं गाडीवर आहे, आता शुगर आहे, जेवण मिळेल तेव्हा, गोळी आठवेल तेव्हा. घाट उतरताना ब्रेकचे लाइनर तापतात, काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. त्यात डुलकी आली तर संपलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची म्हणतात. माझी गाडी २०१४ ची. खरी झोप कुठे लागते सांगू? कोलाड ते वेर्णा, रो-रोवर. १९९९ पासून कोकण रेल्वे ट्रक वॅगनवर चढवून आणते, आपण केबिनमध्ये आडवे. तिथे कोणी खिडकी ठोकून "गाडी पुढे घे" म्हणत नाही.

वाळपईचा गाडीवाला
रो-रो हुबळीला जात नाही, भाऊ.

डिचोलीचा ड्रायव्हर
म्हणून तर गेटवर टोकन द्या म्हणतो. नंबर आला की फोन करा, तोवर झोपू द्या.

वाळपईचा गाडीवाला
टोकन चालेल. पण हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, पहिल्या दिवसापासून द्या. मग मीही रात्री गाडी काढणार नाही.

डिस्पॅचवाला, मडगाव
टोकनचं उद्या विचारतो. हॉल्टिंग माझ्या हातात नाही. आणि भरलेली गाडी रात्री आवारात ठेवायला आमची सिक्युरिटीच तयार नसते, म्हणजे ती परत ताईंच्या दारात.